फाटकाचं कुलूप

आमच्या चर्चचे पाळकसाहेब गेल्या वर्षी वारले. लोक त्यांना शांत माणूस म्हणतात तेव्हा मला हसू येतं. मला आठवतो तो कापणीच्या सणाचा लिलाव.

एकलहऱ्याच्या पुढे आमची मजुरांची वस्ती. रस्त्याला लागायची वाट एका बागायतदाराच्या मळ्यातून जायची. त्याने तिथे फाटक बसवून कुलूप ठोकलं आणि आम्ही बाया ओझी घेऊन ओढ्यातून वळसा घालू लागलो.

सणाला लोक शेतातलं काहीबाही चर्चला आणतात आणि अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी चर्चचा नसूनही बागायतदाराने मोठेपणाने कांद्याच्या गोण्या दिल्या. बोली पुकारायला पाळकसाहेबच उभे होते. आमच्याकडे बघून ते सारखे म्हणत होते, "वाढवा की." आम्ही वस्तीवाले मिळून वाढवत गेलो. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण गोण्या आमच्या झाल्या.

मग साहेब बागायतदाराला गोड आवाजात म्हणाले, "दादा, कांदा तुमचा, ट्रॅक्टरही तुमचाच आहे. एवढं वस्तीवर पोचवता का?"

सगळ्यांसमोर तो नाही कसं म्हणणार? आम्ही गोण्यांवर चढून बसलो, साहेब पुढे त्याच्या शेजारी. ओढ्यातून ट्रॅक्टर जाणं शक्यच नव्हतं. तो फाटकाशी थांबला. बागायतदार उतरला आणि त्याने किल्ली लावून कुलूप काढलं.

साहेबांनी ते त्याच्या हातातून घेतलं, झग्याच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "चला, पुढे घ्या."