मधाळ आवाजाची शिकवणी

माझा आवाज मुळातच कडक. मी नुसतं "कोथिंबीर कशी दिली?" विचारलं तरी येलहंक्याचा भाजीवाला घाबरून एक जुडी फुकट टाकतो. अशा बाईने चाळिशी उलटल्यावर संमोहन-उपचाराचा डिप्लोमा करायचं ठरवलं. ते ऐकून नवऱ्याला जेवता जेवता ठसकाच लागला. "अगं, तू लोकांना झोपवणार? तुझ्या आवाजाने गल्ली जागी होते!"

"झोपवत नाहीत, तंद्री लावतात," मी त्याच्या पाठीत जरा जोरातच थाप मारत सांगितलं.

आमचा वर्ग दर शनिवारी कोरमंगल्याला, एका डोशाच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरायचा. वर आम्ही एकमेकांना गाढ शांततेत नेत असायचो आणि खालून मिक्सर घरघरायचा. बाकीच्यांची माणसं कशी छान मान टाकायची. मी "डोळे मिटा" म्हटलं की समोरचा ताठ बसायचा. एकदा तर एका इंजिनियर मुलाने चक्क "सॉरी" म्हटलं. शिकवणाऱ्या मॅडम हताश होऊन म्हणायच्या, "मध घाला हो, आवाजात मध घाला!" मग काय, येलहंका ते कोरमंगला स्कूटरवर, हेल्मेटच्या आत, माझा मधाचा रियाज सुरू. "सैल... अगदी सैल सोडा..." हेब्बाळच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने वाकून कानडीत विचारलं, "एनु मेडम?" म्हणजे काय हवंय, मॅडम? मला इतकं हसू आलं की सिग्नल सुटला तरी मी तिथेच!

पण सर्टिफिकेट काही हसण्यावारी मिळत नव्हतं. खऱ्या अडचणीतल्या एका खऱ्या माणसाला मदत करायची आणि बैठकांचं रेकॉर्डिंग मॅडमना ऐकवायचं, अशी अट होती. माझं माणूस आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर होतं.

अक्का, आमच्या घरमालकीण. त्यांचं मराठी घराणं इथे इतक्या पिढ्यांचं की पुणं त्यांनी टीव्हीतच पाहिलेलं. यजमान गेलेले, मुलं परदेशात. अक्कांचा जीव वाती वळण्यात. गल्लीतल्या सगळ्या देवघरांत त्यांच्याच वाती जळायच्या. आता मानेतली नस दबून डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती आणि वळलेली वात हातातच उलगडायची. ऑपरेशन करायचं तर आधी एमआरआय हवा, आणि एमआरआयच्या त्या नळकांड्यातून अक्का दोनदा किंचाळत बाहेर आलेल्या. "आत गेले की जीव घुसमटतो गं. बोटं गेली तर जाऊ देत," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. डॉक्टरांना विचारून आम्ही कामाला लागलो.

पहिल्या बैठकीत मी पुस्तकाबरहुकूम, मध ओतत, सुरुवात केली. "अक्का, तुम्ही एक सुंदर जिना उतरताय..."

"जिना नको गं. गुडघे!" अक्का मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या.

माझी गाडी रुळावरून घसरली. "बरं, मग... मग लिफ्टने जा."

अक्का ताडकन उठून बसल्या! बंद डब्याला भिणाऱ्या बाईला मी बंद डब्यात घातलं होतं. धन्य माझी. त्या उठून थेट स्वयंपाकघराकडे निघाल्या. "स्वल्प कॉफी घे तू, दमलीस."

तिथे माझा मध संपला. "कॉफी मरू दे! अक्का, मुकाट्याने पडा. मी इथे खुळी म्हणून बसलेय का?"

अक्का मुकाट्याने पडल्या. रेकॉर्डिंग ऐकून मॅडमनी कपाळावर हात मारला.

पुढच्या वेळी मी जिना, लिफ्ट सगळं सोडलं. अक्का वाती वळायला बसल्या की दारावरची बेलही त्यांना ऐकू यायची नाही, हे मी कितीदा पाहिलं होतं. बाईची रोजची तंद्री घरात तयार आणि मी जिने शोधतेय! म्हटलं, "अक्का, मांडीवर कापूस आहे. चिमूट घ्या. ओढा... वळा..." उजव्या हाताची बोटं आपोआप हलू लागली. चेहरा सैलावला, जबडा सुटला आणि अक्का गेल्या की हो आत! मला उठून नाचावंसं वाटत होतं, पण नाचले तर अक्का जाग्या होतील म्हणून मी तोंडात ओढणी कोंबली. मॅडमनी हे रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. "एमआरआयमध्ये टिकलं तर सर्टिफिकेट तुमचं," म्हणाल्या.

एमआरआयच्या दिवशी अक्कांनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. घाबरलात तर दाबा म्हणून तिथल्या माणसाने त्यांच्या उजव्या हातात रबरी बेल दिली. दार लागलं. आतून ढण ढण ढण सुरू झालं आणि बाहेर मीच वाती वळायला लागले. ती बेल आता वाजेल, मग वाजेल... वाजलीच नाही.

अक्का बाहेर आल्या त्या हसतच. सगळे फोटो स्वच्छ! मी त्यांना मिठीच मारली. "वळल्यात ना वाती? लागली ना तंद्री?"

"कुठली तंद्री! त्या आवाजात कापूस कुठल्या कुठे उडाला. बेल दाबणार, एवढ्यात तू ओरडलीस."

"मी? मी तर बाहेर होते!"

"माझ्या कानात गं. 'अक्का, मुकाट्याने पडा!' म्हणालीस. मग पडले."

म्हणजे एवढे महिने हेल्मेटमध्ये गाळलेला मध गेला पाण्यात! मला हसू आवरेना. "अहो, मी तुमच्यावर खेकसले होते त्या दिवशी."

"तेच," अक्का माझ्या हातातून एकेक बांगडी घेत म्हणाल्या. "मुलं फोनवर सगळी गोड बोलतात. हे गेल्यापासून माझ्यावर रागवणारं घरात कोण आहे?"

मधाळ काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण अक्का माझ्याकडे इतक्या आशेने बघत होत्या की म्हटलं, गेला तो मध खड्ड्यात.

"मग इथे उभ्या राहून गप्पा काय मारताय? चपला घाला आधी! डॉक्टर काय तुमची वाट बघत बसणारेत?"

"सरी, सरी, घालते गं," अक्का म्हणाल्या आणि खुशीत चपला शोधू लागल्या.