आईच्या कॅसेटसाठी डॅक घेताना

मंडळी, आज आईला घेऊन वडूजहून सांगलीला, विश्रामबागेतल्या एका दुकानात गेले होते. कॉम्प्युटरला जोडायला छोटा ॲम्प्लिफायर आणि यूएसबी डॅक, म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज स्वच्छ ऐकवणारी डबी, घ्यायची होती.

नव्वदच्या दशकात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फौजेतून आपला आवाज भरून पाठवलेली कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे. दादा आता नाहीत. "तुझी लय आठवण येती" हे त्यांचं एक वाक्य आईनं इतकी वर्षं जपलंय.

दुकानदारांनी दोन जोड्या मांडल्या. स्वस्तातल्या जोडीवर आवाज जरा दबलेला होता. दुसरीवर हेडफोन लावला आणि त्या वाक्याच्या आधी कुणीतरी कुजबुजलेलं स्पष्ट ऐकू आलं, "म्हन की गड्या, आठवण येती म्हन!"

स्वस्तातलीच घ्यावी, आईला कळायलाच नको, असं मनात आलं. तुम्ही काय केलं असतं?

तेवढ्यात आईनंच हेडफोन मागून घेतला. ऐकता ऐकता खुदकन हसली.

"तरीच! ह्यांस्नी कवा सुचायचं असलं! हीच घे."

"आई, पण ते वाक्य..."

"अगं, त्या मित्रानं नुसतं 'आठवण' सांगितलं. 'लय' ह्यांनी मनानं घातलंय न्हवं?"