मिल्काबाईची हातबोशी

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात मिल्काबाई थळकरला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. पण ती कोण जातीची, हे विचाराल तर अर्धा बुधवारा डोकं खाजवील. कुणी म्हणे बोहरी, कुणी म्हणे ख्रिस्ताव. नेसणं मराठी, बोलणं मराठी, पुरणपोळीवर तूप सढळ, आणि शनिवारी चूल बंद. हे काय गणित?

कुणी तोंडावर विचारलंच तर ती सांगायची, "आम्ही बेने इस्राएल. यहुदी. मूळ कोकणातले. आमचे हे नेपानगरला कागद कारखान्यात लागले म्हणून इकडं आलो. आमचा देव एकच, आणि त्याचा फोटो नसतो."

शेजारची सोजरबाई लगेच म्हणायची, "मंग भिंतीवर हा रथातला बाबा कोन टांगला?"

"तो देव नाही. तो एलियाहू हनाबी. देवाचा माणूस. नवसाला पावतो."

"मंग आमच्यावानीच झालं ना वं!" सोजरबाई हसायची, आणि मिल्काबाईलाही हसू यायचं.

त्यांची घरं सगळी मिळून पाच-सहा. त्यांची वेगळी मशीद नाही; आपल्या प्रार्थनेच्या जागेला ते लोक मशीदच म्हणतात. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले सायमनकाका हिब्रू वाचायचे, म्हणून त्यांची पुढची खोली हीच मशीद. दहा पुरुष जमल्याशिवाय मोठी प्रार्थना होत नाही, तेव्हा एक जण खंडव्याहून यायचा, एक भुसावळहून. बायका कितीही बसल्या तरी त्या दहांत धरत नाहीत. मिल्काबाई म्हणायची, "जेवायला किती पानं ते विचारताना मात्र आम्हीच आठवतो."

प्रार्थना संपली की हातबोशी. हा त्यांचा जुना रिवाज. सायमनकाका हात पुढं करायचे, समोरच्यानं तो आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, सोडायचा, आणि मग आपली बोटं आपल्याच ओठांना लावायची. मग त्यानं पुढच्याला हात द्यायचा. असा तो हात खोलीभर फिरायचा. भांडलेल्यांनाही द्यावा लागायचा, एकानं छताकडं आणि दुसऱ्यानं चपलांकडं बघत का होईना. सगळ्यांत शेवटी तो मिल्काबाईपाशी यायचा, कारण वयानं तीच मोठी.

मग तो आजार आला आणि सगळ्यांची दारं लागली.

सून जयश्रीनं नेपानगरहून सगळ्यांचे मोबाईल एकात एक जोडून दिले. शनिवार लागला की त्यांच्यात मोबाईलला हात लावत नाहीत, म्हणून शुक्रवारी दिवस बुडायच्या आत प्रार्थना उरकायची ठरली. पण मोबाईलमधले दहा, ते दहा धरायचे का? सायमनकाकांनी मुंबईच्या जाणत्यांना विचारलं. एक मोठे म्हणाले, चालेल. दुसरे मोठे म्हणाले, मुळीच नाही. सायमनकाका म्हणाले, "आपण म्हणत राहू. मोजायचं काम वरच्याचं."

प्रार्थना झाली, पण हातबोशीचं काय? सगळे मोबाईलवरच्या आपापल्या चौकोनातून एकमेकांकडं बघत राहिले. भुसावळच्या भाऊंचं तर नुसतं कपाळ दिसत होतं. तेव्हा मिल्काबाईनंच तोड काढली. आपला पंजा मोबाईलसमोर धरला, मग बोटं ओठांना लावली. "हे बघा. लांबून. आजार जाईस्तोवर कुणी कुणाच्या हाताला शिवायचं नाही, कुणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. मी मोठी आहे, मी सांगते."

सोजरबाई खिडकीतून बघत होती. "काय वं बाई, मोबाईलचे मुके घेऊ राह्यली का?"

"तू पण घे. तुझ्या नवऱ्याला, उखर्डूला फोन लाव आणि घे."

"तो समोर असला तरी घेत नही मी," सोजरबाई म्हणाली.

तेव्हापासून मिल्काबाई सगळ्यांची फौजदार झाली. कुणाचा मास्क नाकाखाली दिसला की मोबाईलमधूनच ओरडायची. सगळ्यांत जास्त ओरडा खायचा तो रहमिम. हा रहमिम शिंपी. लग्न झालं नाही, मागं-पुढं कुणी नाही, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत शिलाई मशीन आणि तो. छाती लहानपणापासून कमजोर. सगळ्यांचे मास्क त्यानंच शिवले, उरलेल्या ब्लाउजपिसांचे. सायमनकाकांच्या तोंडाला तर जरीचा काठ आला होता. त्यानं एकदा सायमनकाकांच्या दारात उभं राहून मास्क हातात दिले आणि थोडा वेळ बोलत राहिला. मिल्काबाईला हे कळलं, आणि शुक्रवारी सगळ्यांदेखत तिनं त्याला सोललं. "रहमिम, तुला जिवाची पर्वा नसेल, पण त्या घरात म्हातारी माणसं आहेत. दाराला पिशवी अडकवायची आणि चालू पडायचं. एवढी अक्कल नाही?"

"चुकलं, आक्का," रहमिम म्हणाला. तो नेहमी एवढंच म्हणायचा.

आता दुसरी गोष्ट ऐका, कारण सगळं तिथंच फसलं. पहिल्या साली मिल्काबाईचा संदीप आजारी पडला होता. नळी लावून ठेवला होता त्याला, आणि आईला भेटू देत नव्हते. तेव्हा ती भिंतीवरच्या रथासमोर बसून म्हणाली होती, "एलियाहू हनाबी, माझा मुलगा घरी आण. मी तुझा मलिदा करीन." संदीप घरी आला, कामावरही जायला लागला. मलिदा मात्र राहिला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, आणि ताटाभोवती फळं नि गुलाबाच्या पाकळ्या. पण तो एकट्यानं खायचा नसतो. माणसं बसतात, बरकत म्हणजे आशीर्वादाचे बोल म्हणतात, एकाच ताटातून सगळ्यांना जातं.

सायमनकाका म्हणाले होते, "नवस थांबतो, मिल्काबाई. हनाबी कुठं पळून चाललाय?"

पण दुसऱ्या साली उन्हाळ्यात आजार पुन्हा उसळला, आधीपेक्षा वाईट. रोज कुणाचं ना कुणाचं नाव कानावर. मिल्काबाईच्या मनानं घेतलं, की फेडला नाही म्हणून संदीपवर पुन्हा येणार. तिनं कुणाला सांगितलं नाही. सोजरबाईच्या मळ्यातली केळी घरात होतीच. नारळ खवताना तिचा घसा खवखवत होता, आवाज बसका येत होता आणि अंग कसकसत होतं, पण ते तिनं नारळाच्या माथी मारलं. या वयात खवणीवर बसल्यावर दुसरं काय होणार?

ताट भरलं, आणि समोर कुणीच नाही. तिला ते ताट बघवेना. तिनं रहमिमला फोन केला.

"येतोस का? मागच्या दारानं ये. कुणाला बोलू नको."

"येऊ का, आक्का? नक्की?"

"मी सांगते ना."

तो आला, धुतलेला सदरा घालून. दोघांनी मिळून बरकत म्हटली. त्यानं पोटभर खाल्लं, आणखी मागून घेतलं. निघताना दारात उभा राहिला, आणि मिल्काबाईनं सवयीनं, अगदी सवयीनं, त्याच्यापुढं हात केला. रहमिमनं तो दोन्ही हातांत धरला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरला. मग बोटं ओठांना लावली आणि गेला. उरलेल्यातली एक वाटी मिल्काबाईनं सोजरबाईला खिडकीतून दिली. नवस फिटला. तिला हलकं हलकं वाटलं.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तिचा घसा पार बसला होता. मोबाईलवर म्हणाली, "माठातलं गार पाणी बाधलं." सगळ्यांनी काळजी घ्या म्हटलं. आणि तेवढ्यात रहमिमच्या चौकोनातून खोकला आला. साधा नाही, आतून, तळातून येणारा.

प्रार्थना थांबली. सायमनकाका म्हणाले, "रहमिम, कुठं गेला होतास?"

"कुठं नाही."

"मग हे काय? खरं सांग."

"बाजारात गेलो होतो काका. केळी आणायला."

"केळी!" भुसावळच्या भाऊंचं कपाळ ओरडलं. "बऱ्हाणपुरात राहतोस आणि केळ्यांसाठी जीव घालवतोस? दारावर कोणीही घडभर टाकून जाईल!"

मग सगळेच तुटून पडले. इतकं सांगूनही, इतकं समजावूनही! जयश्रीनंसुद्धा आपल्या परीनं सुनावलं, "रहमिमकाका, आईंकडं बघा जरा. या वयात एकट्या राहतात, पण एक दिवस नियम मोडला नाही."

मिल्काबाईला तेव्हा काय झालं ते तिचं तिला. तोंड उघडलं होतं तिनं. रहमिम चौकोनातून बघत होता, आणि तिला वाटलं, तो आता सांगणार. त्यानं सांगावं असंही वाटलं आणि सांगू नये असंही. तो म्हणाला, "चुकलं. माझंच चुकलं." आणि तिनं तोंड मिटलं. उलट पंजा वर केला, लांबूनच्या हातबोशीसाठी, सगळ्यांच्या आधी. जीभ बसली होती, हात मात्र बरोबर वर गेला!

दोन दिवसांनी त्याला दवाखान्यात नेलं. सायमनकाकांनी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "मूर्ख माणूस. केळ्यांपायी." मिल्काबाई हूं म्हणाली. तिचा स्वतःचा ताप उतरत आला होता. हीच तर खरी टोचणी. म्हातारी उठून बसली, चहा प्यायला लागली, आणि तिच्यापेक्षा लहान, कमजोर छातीचा माणूस तिकडं नळी लावून. हनाबीच्या तसबिरीकडं तिला बघवेना. तिनं तोंड भिंतीकडं केलं तरी तसबीर पाठीमागं आहे हे कळायचंच.

आता सांगायचं कुणाला? आणि सांगून काय, तो बरा होणार? हे ती मनाशी दहादा बोलली. पण शुक्रवार आला, सगळे चौकोन उजळले, आणि सायमनकाका रहमिमसाठी खास प्रार्थना लावत म्हणाले, "देवा, त्याच्या मूर्खपणाला क्षमा कर."

"थांब सायमन," मिल्काबाई म्हणाली. आवाज फाटका निघाला. "तो बाजारात गेला नव्हता. माझ्याकडं आला होता. मी बोलावलं. मलिदा केला मी. घसा माझा आधीच बसला होता. आणि हातबोशी... ती पण मीच दिली. हातानं."

जयश्रीनं "आई" एवढं म्हटलं आणि तिचा चेहरा खाली गेला. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. रहमिमवर जे तोंड सुटलं होतं, ते तिच्या वाट्याला कुणी सोडेना. मोठी होती ना ती! याचीही तिला लाज वाटली. शेवटी सायमनकाकांनी गार्डासारखं, कोरड्या आवाजात विचारलं, "ताट आणखी कुणाकडं गेलं?"

मिल्काबाईच्या डोळ्यांसमोर वाटी आली.

दिवस बुडायच्या आत ती तोंडाला पदर लावून सोजरबाईच्या खिडकीपासून लांब, अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिथूनच सगळं ओरडून सांगितलं. खाजगी असं काही उरलंच नाही. गल्ली ऐकत होती.

सोजरबाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माह्या उखर्डूनं खाल्लं ते. मी नही. त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली."

"माफ कर गं."

"माफ? तू मला म्हनत होती, भाजीवालीशी बोलू नको, नाकावर पदर घे. दिवसभर तुह्यं चालू होतं. अन् सोता?"

"सोता," मिल्काबाई म्हणाली.

खिडकी लागली. तपासणी होऊन उखर्डू धडधाकट निघाला, पण खिडकी काही उघडली नाही. नंतर आतून बोलणं ऐकू यायचं, मिल्काबाईनं ऐकावं अशाच बेतानं: "आमच्याकडं कायदे नहीत बाई मोठेमोठे. पन जे हाय ते पाळतो."

रहमिम घरी आला तेव्हा हाडं राहिली होती. मिल्काबाई गेली. आत नाही, खिडकीच्या गजांपासून दूर उभी राहिली, पेजेचा डबा कट्ट्यावर ठेवला. किती दिवस ती मनात एक गोष्ट धरून होती: की रहमिमनं तिची अब्रू झाकली. देवमाणूस. एवढा तरी एक उबारा होता, की आपल्यासाठी कुणी खोटं बोललं.

"तू का सांगितलं नाहीस रे? सगळ्यांचं ऐकून घेतलंस माझ्यापायी."

रहमिम खाटेवर जरा वर सरकला. त्याला बोलायला दम लागत होता.

"तुमच्यापायी नाही, आक्का. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमचा विचारच आला नाही मनात. मला माझीच लाज वाटली."

"तुला कसली लाज?"

"मला ठाऊक होतं तुमचा घसा बसलाय. फोनवर आवाज ऐकला ना मी. तरी आलो. मलिद्यासाठी नाही." त्यानं पांघरूण वर ओढलं. "वर्षभर कुणी हात धरला नव्हता. कपड्यांचं माप द्यायला पण कुणी येत नाही. टेप घेतो आणि स्वतःच्याच मनगटाला गुंडाळतो. हे त्या चौकोनांसमोर कसं सांगायचं? साठी उलटलेला माणूस, हात धरायला गेला होता म्हणून? त्यापेक्षा केळी बरी."

मिल्काबाईनंच त्याला सगळ्यांदेखत सोललं होतं, दारात उभा राहून बोलतो म्हणून. एवढी अक्कल नाही का, म्हणून. वर्षभर दर शुक्रवारी ती त्या चौकोनांत कुणाचा मास्क कुठं आहे एवढंच बघत होती, आणि हा त्यांतल्याच एका चौकोनात बसून होता.

"पेज गार होईल," ती म्हणाली. मग तिला कळलं की हा काही जबाब नव्हे. पण तिला निघवेना. ऊन डोक्यावर आलं तरी ती गजांपासून लांब, तोंडाला पदर लावून उभी राहिली, आणि आतून रहमिम तिच्याशी बोलत राहिला: मशीनचा पट्टा तुटलाय, दवाखान्यातला शेजारचा खाटवाला गाणी म्हणायचा, डाळीला चव नव्हती, हे आणि ते. ती मान हलवत ऐकत होती, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तिनं एकदाही त्याला मध्ये तोडलं नाही.