खुंटीवरची चंची

वरसे गावात राहणाऱ्या सरूने दोन हजार सहा साली रोह्याच्या एका कंपनीला पहिला प्रोग्राम लिहून दिला, तेव्हा त्यात चुकण्यासारखं काही नाही असं तिचं मत होतं. माल भरायचा धक्का एक, फाटकं दोन, दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. दोन्ही फाटकांवरून एकदमच धक्क्याकडे ट्रक सोडले, की दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे राहत आणि ड्रायव्हर एकमेकांच्या घराण्याचा इतिहास सांगत. म्हणून सरूने प्रोग्राममध्ये धक्क्याला कुलूप केलं. आज्ञा दोनच: ‘घे’ आणि ‘सोड’. ज्याने घेतलं त्यानेच सोडायचं.

चौथ्या दिवशी महिपती क्लार्कने ‘घे’ दाबलं, ट्रक भरून गेला, शिफ्ट सुटली आणि महिपतीही घरी गेला. ‘सोड’ राहून गेलं. धक्का रिकामा, बाहेर अकरा ट्रक. मॅनेजर म्हणाले, “सोमवारपर्यंत बघा. नाहीतर आपलं रजिस्टर बरं.”

रविवारी सरूला आपलं गणपती घडवणारं गाव, हमरापूर आठवलं. तिच्या लहानपणी सात घरांत मिळून मोठ्या गणपतीचा एकच साचा होता, गिरजाबाई आत्याच्या पडवीत. न्यायचा, तर आपली पानतंबाखूची चंची खुंटीला टांगायची. साचा कुणाकडे हे चंचीवरून अख्ख्या आळीला कळे, आणि तंबाखूवाचून माणूस लवकर परत येई. त्या सात घरांतल्याच पोपटने दुसरी चंची शिवेपर्यंत ही व्यवस्था निर्दोष होती.

चार दिवस साचा पोपटकडे, आणि मातीने भरलेल्या हातांनी बाकीचे चंचीकडे बघत बसलेले. दुसऱ्याची चंची काढायची कशी? शेवटी आत्याने ती उतरवली, आतली तंबाखू सगळ्यांदेखत मळून तोंडात टाकली आणि म्हणाली, “रोज सकाळी येऊन ‘चालू हाय’ सांगायचं. नाय आला, तर चंची माझी नि साचा पुढच्याचा.”

सरूने तिसरी आज्ञा लिहिली: ‘चालू आहे’. दर पाच मिनिटांनी दाबायची; नाही दाबली तर धक्का मोकळा.

सोमवारी महिपती तणतणत आला. “मॅडम, लघवीला गेलो तेवढ्यात धक्का गेला!”

“दहा मिनिटं करू? पुरतील?”

मॅनेजर हसले. रजिस्टर कपाटातच राहिलं.

गणपतीत सरूने हे सगळं आत्याला सांगितलं. आता घरोघरी रबराचे साचे होते. खुंटीला प्लास्टिकची पिशवी.

“मग तुझ्या कंपनीत खुंटीला टांगतात काय गो?” आत्याने विचारलं.

“आपापलं नाव, आत्या.”

आत्याने खुंटीकडे बघितलं. पोपटला जाऊन सहा वर्षं झाली होती.

“पोपट पायजे होता,” ती म्हणाली. “दोन नावं घेऊन आला असता.”

सरू हसली. मग जेवण होईपर्यंत एकच माणूस दोन नावं घेऊन आला तर काय, हेच मनात घोळवत होती.