टिंग वाजली की पान उलटायचं

परतूरजवळच्या वस्तीवरच्या शाळेत चित्रांचं पुस्तक एकच होतं. ते मळू नये म्हणून सत्यशीला मॅडमनं कपाटात ठेवलं होतं. मोबाइलवर त्याची पानं टिपली, आपल्या आवाजात गोष्ट चढवली आणि पान बदलताना स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. टिंग! पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा एरवी खिडकीबाहेर बघणारी दुसरीची अकरा पोरं जागची हलली नाहीत.

दिवाळीपर्यंत सगळी पोरं पडद्यावरच्या ओळींवर छडी फिरवत गोष्ट वाचू लागली. सगळ्यांत पुढं आकांक्षा. तिची आई आशाबाई फाटकाशी थांबून सांगायची, "मॅडम, आमच्या खानदानात कोणाला अक्षर न्हाई. ही वही धरून रोज वाचून दाखवून राह्यली!"

मॅडमनं नोंदवहीत अकरा नावांपुढं लिहिलं, 'वाचता येते'.

शुक्रवारी केंद्रप्रमुख भागवत सर आले आणि वीज गेली.

"तुमच्या टीव्हीला माझीच दृष्ट लागली बघा," सर हसले. "पुस्तकच द्या पोरीला."

कपाटातल्या ओलीनं पुस्तकाला वास लागला होता. आकांक्षा धडाधड सुरू झाली. शेळी बाजाराला निघाली. "टिंग," असं म्हणून तिनं पान उलटलं. चिकटलेली दोन पानं एकदम उलटली. पोरीच्या तोंडची शेळी अजून विहिरीत वाकून बघत होती. चित्रातली शेळी केव्हाच एस.टी.त बसली होती. पानं संपली, गोष्ट उरली. तिचं बोट मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावरून फिरत राहिलं.

समोर बसलेल्या सरांना हे दिसलं नाही. मागं उभ्या मॅडमला दिसलं.

"फर्स्ट क्लास! सोमवारी तालुक्याला तुमचाच व्हिडिओ दाखवू," म्हणत सरांनी शेरा लिहायला पेन काढलं.

मॅडमनं पुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय गं?"

आकांक्षानं काळ्या पडद्याकडं पाहिलं. "लाईट आल्यावर सांगते, मॅडम."

"राहू द्या हो आता," सर हळूच म्हणाले. "अकराचा आकडा वर कळवलाय मी."

"अकरा नाही, सर. हिलाच येत नाही, म्हणजे एकही नाही." मॅडमनं नोंदवही ओढली आणि अकराही नोंदींवर रेघ मारली.

"स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेताय," म्हणून सर शेरा न लिहिताच गेले.

फाटकाशी आशाबाई होती. "साहेब काय म्हणले? बराबर वाचलं ना?"

सरांना सांगणं त्या मानानं सोपं होतं. "आशाबाई, तिला गोष्ट पाठ झालीय. वाचता येत नाही अजून. चूक माझी."

"मंग ती वहीत काय बघत व्हती?" आशाबाईनं विचारलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत मॅडमनं टीव्ही लावला, आवाज बंद करून. पडद्यावर शेळी आली. अकरा पोरं मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं पुस्तक आकांक्षाच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्या अक्षराखाली तिचं बोट धरलं. पडद्यावर पान आपोआप बदललं. आकांक्षाचं बोट त्याच अक्षराखाली होतं.