यंदाच्या पायाचे बूट

"मोजे काढा," हे काकांचं गिऱ्हाइकाशी पहिलं वाक्य असायचं. समोर सहा फुटी गोरा असला तरी "सॉक्स ऑफ, प्लीज," म्हणत ते गुडघे टेकून खाली बसत आणि त्याची टाच तळहातावर घेत. माणूस संकोचून पाय मागे ओढायचा. काका टाच सोडत नसत.

कॅनडातल्या कोक्विटलामच्या त्या स्कीच्या दुकानात आम्ही दोघंच मराठी. ते मूळचे सांगलीचे, साठी ओलांडलेले. इथल्या एका कारखान्यात टर्नर होते, तो बंद पडल्यावर स्की विकायला लागले. मी पुण्याहून नुकताच आलेला इंजिनियर. खरी नोकरी मिळेपर्यंत तात्पुरता म्हणून २०१६च्या हिवाळ्यात तिथे उभा राहिलो होतो. मनातून मला त्या कामाची लाज वाटायची. काकांना कशी वाटत नाही, याचं नवल वाटायचं.

गंमत म्हणजे ते स्वतः कधी डोंगरावर गेलेच नव्हते. कुणी विचारलं, "तुम्ही कुठे स्की करता?" की शांतपणे सांगत, "आय ॲम ग्राउंड फ्लोअर ओन्ली." गिऱ्हाईक हसायचं आणि मग त्यांचं ऐकायचं.

मला शिकवताना ते म्हणाले, "स्की किती चांगली येते हे कधी विचारू नकोस. सगळे वाढवून सांगतात. दुपारपर्यंत पाय कुठे दुखतात ते विचार." आणि स्कीच्या आधी बूट, हा त्यांचा हेका. आतला मऊ बूट बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावत, बोटं पुढे टेकवत आणि टाचेमागे आपली दोन बोटं घालून बघत. तिसरं बोट मावलं की बूट परत खोक्यात. तुम्ही कधी स्की घ्यायला गेलात तर विकणारा हे करतो का बघा. नाही केलं तर बाहेर पडा.

डिसेंबरात एका शनिवारी एक मराठी कुटुंब आलं. आई, वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. युनिफॉर्म, चपला, स्वेटर. माझ्या आईनेही तेच केलं, तुमच्याही केलं असेल. वडील म्हणाले, "काका, दोन साइझ मोठेच द्या. हिचा पाय भराभर वाढतो. जाड सॉक्स घालेल ती."

"मोठ्या बुटात पाय फिरतो, स्की फिरत नाही," काका म्हणाले. "यंदाचे बूट यंदाच्या पायाला. नाहीतर सीझनभर रेंट करा."

"तुम्हाला विकायचं नाहीये का?"

"हे माप नाही विकायचं," म्हणून काका डबा खायला आत गेले. ते वीस मिनिटांत परत येत.

वडील माझ्याकडे वळले. बोलता बोलता कळलं, मी जिथे अप्लाय केलं होतं त्याच सॉफ्टवेअर कंपनीत ते मॅनेजर आहेत. "अरे, मग रेझ्युमे मला डायरेक्ट पाठव ना," ते अगदी सहज म्हणाले. लाच वगैरे काही नव्हती. मीच त्यांना खूश करायला उतावीळ झालो होतो.

मी दोन साइझ मोठे बूट काढून दिले. तेवढ्यावर भागलं नाही. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड माणसाच्या वजनावर लावतात, म्हणजे पडल्यावर ती वेळेवर सुटते. ते म्हणाले, "वजनही वाढेलच ना. पुढच्या वर्षीचंच धर." मी फॉर्मवर एकतीस किलोंच्या जागी सदतीस लिहिलं आणि पकड तेवढी घट्ट लावली. पकड लावायचं सर्टिफिकेट माझ्याकडे नव्हतं. गर्दीच्या दिवसांत, काकांनी स्वतः तपासलेल्या स्कीच्या फॉर्मवर त्यांची इनिशियल्स लिहायची मला मुभा होती. त्या दिवशी त्यांनी काहीच तपासलं नव्हतं. मी तरीही लिहिली.

जानेवारीत मुलगी पडली. पकड सुटली नाही. नडगीचं हाड मोडलं.

मालकीणबाई फॉर्म घेऊन आल्या. काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. सदतीसमधल्या सातच्या पोटात आडवी रेघ होती, आणि ती मारायची सवय दुकानात एकट्या मला होती. मी दहा पावलांवर गॉगल सरळ लावत होतो. ते सरळच होते. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माय इनिशियल्स," एवढंच म्हणाले.

त्यांना बेसमेंटमध्ये स्कीला मेण लावायच्या कामावर टाकलं आणि मार्चमध्ये तेही संपलं. मी फेब्रुवारीतच सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो होतो.

एप्रिलमध्ये त्यांच्या सरेच्या घरी गेलो. स्कायट्रेनमध्ये वाक्यं पाठ केली होती. ते आपल्या लेकीकडे, दूर पूर्वेला एटोबिकोला कायमचे निघाले होते, खोकी बांधत होते. त्यांनी चहा केला. मी "काका, तो फॉर्म" म्हणालो आणि अडलो.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या पोरीला भेटलास?"

"नाही."

"मी दोनदा गेलो. पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती स्वतः आली, कुबड्या घेऊन. सॉरी म्हटलं तिला."

"पण काका, तुम्ही कशाला?"

"माझी इनिशियल्स लिहायला तुला कुणी शिकवलं? मीच ना? माझं मी सांगून आलो. तुझं तू सांगून ये."

"जातो," मी म्हणालो. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, हे मला दिसलं.

गेलो मी त्या घरी. सप्टेंबरात, गणपतीच्या जेवणाला. पंधरा-वीस जण होते. ताटं वाढली गेली आणि मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आता माझ्या साहेबांनी, नव्या पाहुण्यांना हकिगत सांगितली. आपलाच माणूस, आणि आपल्याच पोरीच्या बाबतीत एवढा निष्काळजी, असं ते म्हणाले. बायका हळहळल्या.

"बाबा, ही वॉज नाइस," मुलगी म्हणाली. "ही केम टू से सॉरी."

"सॉरी म्हणून काय होतं?" म्हणत ते माझ्याकडे वळले. "तू तर होतास ना त्याच्याबरोबर कामाला? कसा होता रे माणूस?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला खरंच ऐकायचं होतं.

वर एवढं सगळं लिहिलं, त्यातलं एक वाक्यही तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. "ठीक होते," मी म्हणालो. "वय झालं होतं त्यांचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि वहिनींनी मला आणखी वरण वाढलं.