उंबऱ्याशेजारचं पितळ

मिलिंद गेला आणि राख निवायच्या आत क्रांती चौकात फ्लेक्स लागला. कोपऱ्यात त्याचा फोटो, त्याच्या दुप्पट मोठा कारखान्याच्या साहेबांचा, हात जोडलेला. खाली लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ मला अक्षरशः शिसारी आली. शेंद्र्याच्या कारखान्यात क्रेनची साखळी तुटून लोखंड अंगावर पडलं, हा कुठला आजार? साखळीला चीर गेलेली त्यानंच साहेबांना दाखवली होती. ‘ऑर्डर निघू दे, मग बघू,’ म्हणाले.

याच लोकांनी त्याला क्रेन शिकायला जर्मनीत, हॅम्बुर्गच्या बंदरावर पाठवलं होतं... उस्मानपुऱ्यात आमच्या चहाच्या बैठकीत तो ते बंदर उभं करायचा आणि चहा निवून जायचा. कॉफी-मसाल्यांची लाल विटांची गोदामं, नदीतून थेट शहरात शिरणारी जहाजं, रविवारी पहाटे भरणारा मासळीबाजार. ‘तिथं चीर दिसली की कुणीबी क्रेन थांबवतो. साहेबाला इचारत नाय!’ पण त्याच्या मनात रुतलं होतं ते वेगळंच. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेऊन मारलं, त्यांच्या दारापुढं फूटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेत. त्यावर नाव, आणि कुठं मारलं तेही. ‘आधी लई राग आला. माणसाच्या नावावर पाय? पण वाचायचं तर वाकावं लागतं गड्या.’

फ्लेक्स पाहून आल्यावर त्याची बायको, सुजातावहिनी, मला म्हणाली, ‘भाऊ, खोटं चौकात लागलंय. खरं कुठं लावायचं?’ आणि लग्नातलं पितळी ताट काढून भांड्यांवर नावं कोरणाऱ्या चाचांकडं घेऊन गेली. चाचांना ‘सप्रेम भेट’ कोरायची सवय. मजकूर ऐकून त्यांचा हात थांबला. ‘भाभी, ऐसा कोई लिखाता नै.’

‘मी लिहवून घेते. नाव टाका. खाली टाका, कारखान्यात साखळी तुटून गेले. चीर त्यांनीच दाखवली होती.’

वहिनीला ते उंबऱ्यात बसवायचं होतं, पण ‘नावावर पाय पडंल गं,’ म्हणून सासूबाई रडल्या. मग ताट उंबऱ्यात न बसवता शेजारच्या भिंतीत बसवलं, अगदी खाली, जिथं येणारा-जाणारा चपला काढतो.

परवा साहेब सांत्वनाला आले, सोबत फोटो काढणारा. दारात बुटाची नाडी सोडायला वाकले... नाडी कधीच सुटली होती, तरी ते वाकलेलेच होते.